पार्किन्सनमधला बाक: वंश, वय आणि मोजणाऱ्याची नजर

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात थोडा वेळ उभं राहिलं की पाठीत वाकलेली बरीच माणसं दिसतात. कुणाची हाडं ठिसूळ होऊन मणके दबलेले असतात. कुणाला तरुणपणी मणक्याचा टीबी होऊन गेलेला असतो. कुणाची निम्मी हयात कांद्याच्या लागवडीत ओणवं राहून गेलेली असते. आणि एखाद्याला पार्किन्सन असतो. लांबून ही सगळी सारखीच दिसतात, आणि घरचे सगळ्यांबद्दल एकच सांगतात, "वय झालं आता."

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपी करतो. पार्किन्सनच्या पेशंटांचे नातेवाईक, विशेषतः ज्यांची मुलं परदेशात आहेत असे, हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: तिकडच्या लोकांना म्हणे एवढा बाक येत नाही, आपल्याकडे जास्त येतो, हे आपल्या रक्तातच असतं का? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात उरकत नाही.

आधी आजाराबद्दल थोडंसं. मेंदूच्या मधल्या भागात, खोलवर, डोपामाइन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशींचा एक काळसर पट्टा असतो. त्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, बऱ्याच जणांचा हात थरथरतो. आपल्याकडे थरथर म्हणजेच पार्किन्सन असं समीकरण झालंय. पण लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला तेव्हा त्याच्या व्याख्येतच शरीर पुढे झुकण्याचा उल्लेख होता. त्याने फक्त सहा माणसांचं वर्णन केलं होतं, आणि त्यातली काही तर त्याने रस्त्यातच पाहिली होती. म्हणजे बाक हा पहिल्या दिवसापासून या आजाराचा भाग आहे.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. शरीराची ठेवण बिघडणं वेगळं आणि तोल जाणं वेगळं. बऱ्यापैकी वाकलेला माणूस वर्षानुवर्षं न पडता चालू शकतो, आणि दिसायला ताठ असलेला माणूस मागून हलका धक्का लागला तरी कोसळू शकतो. डॉक्टर मागे उभं राहून खांदे ओढून बघतात ती तोलाची तपासणी. हा लेख ठेवणीबद्दल आहे.

पार्किन्सनच्या बहुतेक पेशंटांना थोडं पोक येतंच. त्याच्या पुढची पायरी गाठणारे कमी. कंबरेतून किंवा पाठीच्या मधून माणूस इतका वाकतो की चालताना नजर जमिनीवरच राहते, त्याला कॅम्प्टोकॉर्मिया म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच डॉक्टरांनी सैनिकांत असा बाक पाहिला होता आणि तो मनाचा आजार समजला होता. एका कुशीला कलणं म्हणजे पिसा सिंड्रोम. १९७२ साली मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्या पेशंटांत त्याचं पहिलं वर्णन झालं आणि इटलीतल्या कलत्या मनोऱ्यावरून त्याला नाव मिळालं. मान पुढे लोंबते, हनुवटी छातीला टेकू पाहते, तो अँटिकॉलिस. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले तेव्हा त्यांची तक्रार अगदी बागेतली होती. छाटणीला मांडवाखाली उभं राहिलं की हात वर जातात, पण काडी बघायला मान वर होत नाही. मानेचा मणका झिजलाय असं समजून त्यांनी गळ्यात पट्टा घातलेला होता. चालताना उजवा हात हलत नाही, सही बारीक होत चाललीय, या पार्किन्सनच्या खुणा विचारल्यावर बाहेर आल्या.

आता वंशाच्या प्रश्नाकडे येऊ.

कॅम्प्टोकॉर्मिया किती पेशंटांत आढळतो? वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे ३ टक्क्यांपासून जवळजवळ १८ टक्क्यांपर्यंत जातात. वरवर पाहिलं तर वाटेल की एका देशातली माणसं दुसऱ्या देशातल्यांपेक्षा सहापट वाकतात. पण किती अंश वाकलं की 'कॅम्प्टोकॉर्मिया' म्हणायचं, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं होतं. पाठीच्या वरच्या भागातून ४५ अंशांच्या पुढे, कंबरेतून ३० अंशांच्या पुढे, एका बाजूला १० अंशांच्या पुढे, मान ४५ अंशांच्या पुढे, अशा मर्यादांवर जगभरच्या तज्ज्ञांचं एकमत जाहीर झालं ते २०२२ मध्ये. म्हणजे आत्ता-आत्ता. त्याआधीचे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवणं म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेल्या उंचींची तुलना करणं.

आणि जिथे अंश मोजतच नाहीत, नजरेने गुण देतात, तिथे मला जास्त शंका येते. पार्किन्सनची तीव्रता मोजायला जगभर एक मोठी प्रश्नावली वापरतात, तिच्यात ठेवणीला ० ते ४ गुण आहेत. ० म्हणजे काही अडचण नाही. २ म्हणजे बाक नक्की आहे, पण 'सरळ व्हा' म्हटल्यावर माणूस सरळ होऊ शकतो. ३ म्हणजे सांगूनही होत नाही. मधला १ मजेशीर आहे: पूर्ण ताठ नाही, पण वयस्कर माणसात एवढं असू शकतं. प्रश्न असा की कुठल्या वयस्कर माणसात? रोज सायकल चालवणारे सत्तरीचे आजोबा ज्या डॉक्टरला सवयीचे आहेत, त्याची 'एवढं चालतं'ची रेषा वेगळी असणार. निफाड-येवल्याकडची साठीतच वाकलेली माणसं रोज तपासणाऱ्या डॉक्टरची वेगळी. दोघंही प्रामाणिक. दोघांच्या गुणांत फरक पडतो आणि तो शेवटी पेशंटच्या वंशाच्या नावावर जमा होतो.

दुसरा घोळ वयाचा. मुंबईतल्या पारशी समाजात पार्किन्सन किती आहे याचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. दर लाखामागे ३२८ पेशंट निघाले, तोवरच्या जगातल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी एक. 'पारशांच्या रक्तात पार्किन्सन' असा निष्कर्ष काढायला किती सोपं होतं. पण पारशी समाजात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण फार मोठं आहे, ते देवळालीच्या सॅनेटोरियमच्या व्हरांड्यातही दिसतं. हा वयाचा हिशेब सारखा करून, अमेरिकेच्या लोकसंख्येतलं वयाचं प्रमाण लावून पाहिल्यावर तोच आकडा १९२ वर आला. म्हणजे फरकातला मोठा वाटा वयाचा होता. बाकाच्या बाबतीत तर वय आणखी महत्त्वाचं, कारण वय आणि आजाराची वर्षं या दोन्हींबरोबर बाक वाढत जातो. आपल्याकडे पार्किन्सन पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात सुरू झालेले पेशंट बरेच दिसतात. असा पेशंट साठीला येतो तेव्हा त्याच्या आजाराला दहा-बारा वर्षं झालेली असतात. परदेशातला साठीचा पेशंट कदाचित नुकताच सुरुवात करत असतो. दोघांना वय सारखं म्हणून शेजारी उभं केलं तर आपला माणूस जास्त वाकलेलाच दिसणार.

त्याच १९८८ सालचा आणखी एक अभ्यास मला फार आवडतो. नायजेरियातलं इग्बो-ओरा हे गाव आणि अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातली कोपाया काउंटी, दोन्हीकडच्या चाळिशीपुढच्या कृष्णवर्णीयांची एकाच पद्धतीने तपासणी केली. नायजेरियात लाखामागे ६७, मिसिसिपीत ३४१. पूर्वज साधारण एकाच भूभागातले, आणि फरक पाचपट! हवा-पाणी, रसायनं, आजार झाल्यावर माणूस किती वर्षं जगतो, यातलं बरंच काही त्या पाचपटीत दडलेलं असणार. 'वंश' या एका शब्दात ते मावत नाही.

तिसरी गोष्ट दवाखान्याच्या दाराशी घडते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा कृष्णवर्णीयांत पार्किन्सनचं निदान गोऱ्यांच्या निम्म्यानेच होत असल्याचं दिसलं. मेरिलँडच्या एका केंद्रात आलेले कृष्णवर्णीय पेशंट येतानाच जास्त अपंगत्व घेऊन येत होते, आणि डोपामाइनची औषधं त्यांना कमी मिळालेली होती. उशिरा येणारा माणूस जास्त वाकलेला येणार यात नवल नाही. हेच आपल्याकडे लावून पाहा. सुरगाण्याच्या पाड्यावरचा माणूस न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचायचा तर त्याला नाशिक गाठावं लागतं. गंगापूर रोडला राहणाऱ्याला रिक्षा पुरते. दोघांच्या पाठीतला फरक कोकणा आदिवासी आणि मराठा असण्याचा आहे असं म्हणणारा माणूस एसटीने कधी गेलेला नसावा.

मग वंशाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो जनुकांच्या पातळीवर आणि तुकड्या-तुकड्यांनी. पार्किन्सनशी जोडलेला एका जनुकातला एक बदल उत्तर आफ्रिकेतल्या अरब-बर्बर पेशंटांत साधारण तिघांत एकाकडे सापडतो, मूळच्या युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंमध्येही बराच, आणि भारतात क्वचित. ज्यू पेशंटांत हा बदल असलेल्यांना थरथरीपेक्षा चाल आणि तोल यांचाच त्रास जास्त असल्याचं आढळलं आहे. म्हणजे आजाराचं रूप जनुकांनी थोडं बदलू शकतं. त्याच जनुकातले आणखी दोन बदल चिनी लोकांत सापडतात, त्यातला एक जपान्यांतही, आणि भारतीयांत ते जवळजवळ नाहीतच. त्यामुळे शोधनिबंधांत 'आशियाई पेशंट' असा एकच रकाना दिसला की मी सावध होतो. जपानमधल्या ओसाकाचा माणूस आणि नाशिकजवळच्या ओझरचा माणूस त्या रकान्यात एकत्र बसवलेले असतात. आजवरचा जनुकांचा बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालाय, भारतीय पेशंटांचे नमुने गोळा करण्याचं काम अलीकडे कुठे जोरात सुरू झालंय.

देशागणिक नक्की बदलतात ती औषधं, आणि नाशिकच्या वाचकाने इथे थांबून वाचावं असं मला वाटतं. पार्किन्सनच्याच काही गोळ्यांनी मान पुढे पडते, याची कितीतरी उदाहरणं जपानी डॉक्टरांनी नोंदवली आहेत. आपल्याकडे मामला वेगळा आहे. गॅस, ॲसिडिटी, पोट फुगणं यासाठी लेव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड. ही सगळी औषधं मेंदूतलं डोपामाइनचं काम कमी-जास्त अडवतात. वयस्कर माणसाने ती महिनोन्महिने घेतली तर मंदपणा, ताठरपणा, बाक असं सगळं पार्किन्सनसारखं चित्र उभं राहू शकतं, आणि आधीच पार्किन्सन असलेल्याचा आजार बळावू शकतो. मनाच्या आजाराच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या काही औषधांनी माणूस एका कुशीला कलतो. डॉक्टरने चार दिवसांसाठी लिहिलेली कॅप्सूल मेडिकलवाल्याकडून वर्षभर चालू राहते, ही आपली खास पद्धत. बाक झपाट्याने, काही आठवड्यांत वाढला असेल तर घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरून डॉक्टरकडे न्या. खाजकुहिलीचं चूर्ण चालू असेल तर तेही पिशवीत टाका, कारण त्या बियांत लेव्होडोपाच, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य गोळीतलंच औषध असतं आणि गोळीच्या डोसात त्याची भर पडते. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. पार्किन्सनच्या गोळ्या एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

बाक येतो तरी कसा? द्राक्षाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. खांब उभे राहतात ते दोन्हीकडच्या तारांच्या ताणावर. एका बाजूची तार जास्त ओढली गेली तर खांब तिकडे झुकतो, पार्किन्सनमध्ये पोटाचे किंवा कुशीचे स्नायू असे आपोआप आवळले जातात. विरुद्ध बाजूची तार ढिली पडली तरी खांब झुकतोच, काहींच्या पाठीचे स्नायूच दुबळे होतात. कधी खांबच खचतो, म्हणजे मणका दबतो. आणि कधी तारा, खांब सगळं ठीक असतं, पण ओळंबा धरणाऱ्याचा अंदाज चुकलेला असतो.

हा शेवटचा प्रकार घरच्यांना सगळ्यात जड जातो. सून म्हणते, "नाना, सरळ बसा ना हो, किती कलताय." नाना चिडतात, "सरळच बसलोय की!" दोघंही खरं बोलत असतात. आपलं शरीर उभ्या रेषेत आहे की नाही हे कळवणारी यंत्रणाच पार्किन्सनमध्ये चुकते, त्यामुळे कलणाऱ्याला सुरुवातीला आपण कलतोय याचा पत्ताही नसतो. दिवसातून दहा वेळा टोकण्यापेक्षा नानांच्या समोर उंच आरसा ठेवा आणि आरशात दाराची चौकट दिसेल असं बसवा. डोळ्यांनी चौकट बघून त्यांना स्वतःलाच दुरुस्त होता येतं, निदान काही मिनिटं.

घरी करून बघण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. पेशंटला भिंतीला टाचा लावून उभं करा, कुणीतरी शेजारी हात धरायला हवंच. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का? नसेल टेकत तर मध्ये किती बोटं जातात ते बघून ठेवा. मग कडक अंथरुणावर उताणं झोपवा, उशी काढा आणि काही मिनिटं थांबा. पाठ हळूहळू सपाट झाली तर बाक मुख्यतः स्नायूंचा आहे, व्यायामाला वाव आहे. झोपूनही पाठ तशीच राहिली, डोकं अधांतरी राहिलं, तर हाडं-सांधे अडकलेले असण्याची शक्यता जास्त, एक्स-रे काढून घ्या. आपल्याकडे मणक्याचा टीबी आणि ठिसूळ हाडं दोन्ही भरपूर. सोबत रात्रीचा ताप, वजन घटणं, पाय लुळे पडणं किंवा पडल्यानंतर अचानक आलेली पाठदुखी असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. उठवताना मात्र घाई नको: आधी बसवा, पाय खाली सोडू द्या, मग उभं करा. या आजारात उभं राहताना बीपी झपकन उतरू शकतं.

महिन्यातून एकदा फोनवर फोटो काढून ठेवा, एक बाजूने आणि एक मागून, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत. लेव्होडोपाची, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या ओळखीची सिंडोपाची गोळी घेतल्यावर तासाभराने, दरवेळी त्याच भिंतीपाशी. साडी किंवा ढगळ सदरा बाक लपवतो, म्हणून कपडे जरा अंगाबरोबरचे. एका बाजूला कलणं आधी सदऱ्याच्या खालच्या कडेत दिसतं, एक कड दुसरीपेक्षा खाली येते. असे चार फोटो दाखवले तर डॉक्टरला जे कळतं ते 'पूर्वीपेक्षा जास्त वाकलेत' या वाक्यातून कळत नाही. जर्मनीत कील विद्यापीठाने अशा फोटोंवरून अंश मोजण्याचं मोफत सॉफ्टवेअरही केलं आहे.

उपचारांत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. गोळ्यांनी हाताची मंद हालचाल जशी सुटते तशी पाठ सुटत नाही. ज्यांचा बाक गोळीचा असर उतरल्यावरच वाढतो त्यांना वेळा बदलून फायदा होतो, बाकीच्यांना थोडाच. आवळलेल्या स्नायूंत ते सैल करणाऱ्या बोटुलिनमचं इंजेक्शन काहींना मदत करतं. जपानमध्ये पोटाच्या बाजूच्या स्नायूंत लिडोकेन हे बधिर करणारं औषध देऊन चांगले निकाल मिळवलेले आहेत. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेने कुणाची पाठ सुधारते, कुणाची अजिबात नाही. मणक्यात रॉड-स्क्रू टाकायची वेळ आली तर दुसरं मत घ्याच. पार्किन्सनच्या पेशंटांत या शस्त्रक्रियांनंतर गुंतागुंत आणि पुन्हा ऑपरेशनची पाळी येण्याचं प्रमाण मोठं आहे.

उरतो रोजचा व्यायाम, आणि तो लवकर सुरू केला तरच त्याचा उपयोग. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं, दाराच्या चौकटीत दोन्ही हात टेकवून छाती पुढे ढकलणं, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणं. जमिनीवर मांडी घालून बसण्याची आपली सवय लवचिकतेला बरी, पण वाकलेल्या माणसाला जमिनीवर बसवून ताटावर ओणवं करण्यापेक्षा टेबल-खुर्ची द्या आणि ताट छातीच्या जवळ उंच ठेवा. टीव्ही कपाटावर, नजरेच्या जरा वर. काठी विकत घेताना मूठ कुठवर येते ते बघा. दुकानात बहुतेकदा बुटकी काठी हातात पडते आणि ती माणसाला आणखी खाली ओढते. बाक जास्त असेल तर काठीपेक्षा कोपरांखाली आधार देणारा उंच वॉकर बरा, तो धरला की छाती आपोआप वर येते. किंमत जास्त असते, म्हणून आधी आठवडाभर भाड्याने आणून घराच्या उंबऱ्यांवरून आणि बाथरूमच्या दारातून तो जातो का ते बघा.